गाव कंचं, खांब कुठं

नाथाजी कांबळेला कुणीही विचारावं, "गाव कंचं?" तो बिनदिक्कत सांगायचा, "बोरखिंड. कवठे महांकाळकडचं." बोरखिंड त्यानं जन्मात पाहिलं नव्हतं. त्याच्या बापानंही पाहिलं नव्हतं. आजा दुष्काळात बायको आणि एक घोंगडं घेऊन तिथून निघाला तो शिराळ्यात येऊन टेकला, आणि तिथंच मातीला मिळाला. नाथाजी शिराळ्यात जन्मला, शिराळ्याच्या शाळेत सातवी झाला आणि शिराळ्याच्याच रस्त्यावर खडी फोडत होता. तरी गाव विचारलं की बोरखिंड. आपल्याकडं माणूस राहतो तिथला नसतोच, आजा जिथून उठला तिथला असतो. बारा वर्षांमागं त्याच्या आईनं, साळूबाईनं, घरातले सगळे देव नदीला पोचवले आणि भिंतीवर बुद्धाची तसबीर लावली. तेव्हा कुणीतरी थट्टेनं म्हणालं, "साळूबाई, देव सोडलं, आता गावबी शिराळाच लाव की." ती म्हणाली, "देव आमी सोडलं. गावानं कवा आमाला सोडलंय?"

नाथाजीला जगात एकच गोष्ट मनापासून येत होती आणि एकाच गोष्टीची हाव होती: मल्लखांब. गावच्या तालमीतल्या खांबाला त्यानं हात लावलेला काही म्हाताऱ्यांना खपेना. पलटणीतून पेन्शनीत आलेल्या धोंडिराम हवालदारांनी त्यांच्याशी हुज्जत घातली नाही. त्यांनी आपल्या उसाच्या मळ्यात, विहिरीच्या कडेला, सागाचा खांब पुरला आणि चार माणसांत सांगितलं, "हितं ज्याला घाम गाळायचा हाय त्यानं यावं. बाकीच्यांनी रस चाखून घरी जावं." दहा वर्षं त्या खांबाला एरंडेल आणि घाम एकत्रच मुरला. दगड फोडून नाथाजीची मनगटं अशी झाली होती, की खांबापासून आडवा होऊन नुसत्या हातांवर त्यानं फरारा धरला की पाहणाऱ्याचा श्वास आधी सुटायचा, याचा नंतर.

कोयनेचा भूकंप झाला त्याच्या पुढच्या साली सांगलीत जिल्ह्याचे सामने ठरले. पहिला येईल तो राज्याच्या सामन्यांना पुण्याला जाणार होता. वयाची अट पंचवीस. नाथाजीला त्या साली पंचवीस पुरी होत होती, म्हणजे आत्ता नाहीतर कधीच नाही. आणि सांगलीहून आलेल्या पत्राच्या तळाशी एक ओळ होती: प्रत्येक तालुक्यामागे दोनच स्पर्धक.

हवालदारांच्या मळ्यातच शिराळा तालुक्याची निवड झाली. तीन पंच बसले होते. हवालदारांचा पुतण्या धनाजी पहिला आला, कृष्णात पाटील दुसरा, आणि नाथाजी अर्ध्या गुणानं तिसरा. शेवटच्या उडीला त्याची टाच जमिनीवर सरकली होती. ती सरकली हे त्यानं स्वतःच पाहिलं होतं, त्यामुळं भांडायलाही जागा नव्हती. गंमत अशी, की हे तिघेही जिल्ह्यातल्या बाकी सगळ्यांना खिशात घालतील असे होते, हे पंचांसकट सगळ्यांना ठाऊक होतं.

घरी साळूबाईनं पहिल्यांदा तेच विचारलं जे तिच्या जन्मानं तिला विचारायला शिकवलं होतं. "जातीवरनं काढलं का रं?"

"न्हाई आई. नियमावरनं."

"कसला नियम?"

"तालुक्याला दोन."

जातीवरून काढलं असतं तर ती हवालदारांच्या दारात जाऊन उभी राहिली असती. नियमाच्या दारात कसं उभं राहायचं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

हवालदारांना मात्र नियम पटत होता. "हे बघ नाथा," ते म्हणाले, "परदेशात मोठं सामनं व्हत्यात तिथंबी देशाला माणसं बांधून दिलेली असत्यात. पलटणीत आमच्या शेजारी घोडदळाचा रिसाला हुता. घोड्यावरनं उड्या मारायचं सामनं असूंद्या न्हाईतर हे कसरतीचं, एका देशात धा भारी गडी असलं म्हनून धाच्या धा जात न्हाईत. तसं केलं तर दोन-तीन देशच सगळं मैदान अडवून बसतील. बारक्या देशानं कवा खांबाला हात लावायचा?"

"आन त्या भारी देशातल्या धाव्या गड्यानं काय करायचं?"

हवालदारांनी विडी काढून पेटवली. "त्यानं घरी बसायचं," ते म्हणाले. "वाईट हाय. पर तसं हाय."

तरीही, ऐनवेळी कुणाचा पाय मुरगळला तर असावा म्हणून त्यांनी तिसरा अर्ज भरून ठेवायला सांगितला. नाथाजीनं तो स्वतः भरला. नाव लिहिलं, वय लिहिलं. पुढं रकाना होता, 'गाव व तालुका'. त्यानं पेन न उचलता लिहिलं: बोरखिंड, कवठे महांकाळ. मनात काडीचं कपट नव्हतं. गाव विचारलं होतं, गाव लिहिलं. अर्ज बाकी दोघांच्या अर्जांबरोबर सांगलीला गेला.

पंधरा दिवसांनी सांगलीहून तीन पत्रं आली. धनाजीची निवड झाली होती, कृष्णातची झाली होती, आणि नाथाजी कांबळेचीही झाली होती. तालुका कवठे महांकाळ.

हवालदारांनी पत्र दोनदा वाचलं. त्या कोरडवाहू मुलखात मल्लखांब कोण करतंय, निवडीचे सामने कोण भरवतंय! आलेले पहिले दोन अर्ज सांगलीच्या कारकुनानं तालुका बघून घालून टाकले होते. ते कसं झालं हे हवालदारांच्या ध्यानात आलं आणि नाथाजीच्याही आलं.

"कागदावर खोटं काय हाय?" हवालदार म्हणाले, पण नाथाजीकडं न बघता. "गाव तर तुजं तेच हाय."

साळूबाईला तर आनंदानं रडू कोसळलं. "गावानं हाक मारली बग," ती म्हणाली. नाथाजीनं मग जास्त विचार केला नाही. खरं सांगायचं तर केला, आणि मुद्दाम दाबून टाकला. भुकेल्या माणसाच्या ताटात वाढलेलं कोण परत करतं?

सांगलीच्या मैदानात सकाळी नऊला माणसं जमली. नाथाजीनं सरावाच्या खांबावर एकदा अंग मोकळं केलं. दोन पकडी, हात आणि खांब यांच्यामधून अंग ओवून काढत एक सुईदोरा, खांबाच्या माथ्यावरच्या बोंडावर क्षणभर उभा, आणि खाली. टाच सरकली नाही. भोवती आपोआप गोळा झालेल्या माणसांतून "वा रं पठ्ठ्या!" निघालं. त्या दिवशी आपल्याला कुणी अडवू शकणार नाही, हे त्याला अंगातूनच कळलं. धनाजीचा चेहरा उतरलेला त्यानं पाहिला, आणि त्याला बरं वाटलं, हेही लपवण्यात अर्थ नाही.

गर्दीतून एक काळासावळा, हाडापेराचा गडी पुढं आला. अंगात बंडी, छातीवर आणि मांड्यांच्या आतून जुनी खरचटलेली चामडी. नाव अर्जुना. कवठे महांकाळच्या पलीकडून पहाटेच्या गाडीनं आला होता.

"गड्या, लय भारी चढतोस," तो म्हणाला. "मीबी चढाय आलतो. पर हितं म्हणत्यात, तुमच्या तालुक्याचं दोन भरलं. एक आमच्याकडचं मास्तर हायत. दुसरा कोण नाथाजी कांबळे हाय म्हणं. आमी तर कवा नाव ऐकलं न्हाई. कंचा त्यो, दावशील का? एकडाव बघून तरी जातो."

नाथाजीला खोटं बोलता आलं असतं. "मीच," तो म्हणाला.

अर्जुना रागावेल असं त्याला वाटलं. तसं झालं असतं तर सोपं होतं. पण त्या गड्याचा चेहरा असा फुलला, की नाथाजीला त्याच्याकडं बघवेना.

"तू? म्हंजी तू आपल्याकडचा!" अर्जुनानं त्याचा दंडच धरला. "आरं, आमाला ठावंच न्हाई! आमी चौघं गडी खळ्यातल्या तिवड्यावर चढतो. मळणीला बैल ज्याच्याभवती फिरत्यात, त्यो. बाभळीचा हाय, अंग सोलतंय नुसतं. आमच्या खेड्यात शिकवाय कोण न्हाई. तुजा खांब कुठं पुरलाय सांग, आमी चालत येतो. कितीबी लांब असूंद्या."

आजवर नाथाजीला सगळ्यांनी 'गाव कंचं' विचारलं होतं. 'खांब कुठं' असं कुणी विचारलं नव्हतं.

"शिराळ्यात."

"शिराळ्यात?" अर्जुनाचा हात दंडावरून हळूच सुटला. त्यानं मनातल्या मनात अंतर मोजलं असावं. "लय लांब पडलं मग," तो म्हणाला. एवढंच म्हणाला. बाकीचं त्याला कळलं होतं की नव्हतं, देव जाणे.

नाथाजी तडक हवालदारांकडं गेला. "हवालदार, आवं, कागद खरा हाय का खोटा?"

"खरा हाय."

"मग महांकाळकडनं आलेला त्यो पोरगा माज्यापायी बाहेर का बसलाय?"

हवालदारांनी डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "मला इचारू नगंस, नाथा. थांब म्हनलो तर पुतण्यासाठी म्हनलो असं व्हईल. चढ म्हनलो तर त्या पोराचं तोंड मला जलमभर दिसंल. तुजा खांब मी पुरला. त्याच्या पुढचं तुजं तू बघ."

मुख्य पंच बाळासो म्हणून सांगलीचे एक गृहस्थ होते, गोरे, चष्मेवाले, घड्याळाकडं सारखे बघणारे. नाथाजीचं ऐकून ते वैतागलेच. "अहो, आता नावं पुकारायची वेळ झाली! तुमचं मूळ गाव तिकडचं आहे ना?"

"हाय. पर मी शिकलो शिराळ्यात. राहतो शिराळ्यात. शिराळ्याचा तिसरा हाय मी."

बाळासोंनी नियमांचा कागद काढून नाकाजवळ धरला. "'तालुक्याचा स्पर्धक', एवढंच लिहिलंय. राहणारा की मूळचा, ते काही लिहिलेलं नाही. हे बघा, मी तुम्हाला काढत नाही. तुम्ही चढलात तर कुणी बोट दाखवणार नाही. मागं घ्यायचं असलं तर तुमचं तुम्ही घ्या. दोन मिनिटं आहेत."

ती दोन मिनिटं नाथाजीला दहा वर्षांहून जड गेली. कुणी ढकलून बाहेर काढलं असतं तर तो कण्हला असता, शिव्या दिल्या असत्या, पण मोकळा झाला असता. इथं दार सताड उघडं होतं. समोर खांब तेलानं चमकत होता, हात शिवशिवत होते, आणि पुढच्या साली तो सव्वीस वर्षांचा होणार होता. त्याच्या मनात आलं, अर्जुनाला माझ्या नखाची सर येणार नाही. ते खरंच होतं. मग मनात आलं, त्यानं बाभळीवर छाती सोलून घेतली तेव्हा मी सागावर तेल चोळत होतो. तेही खरंच होतं. दोन्ही खऱ्या गोष्टी एकमेकींना खोडत नव्हत्या, हाच तर वांधा होता.

"काढा माजं नाव," तो म्हणाला. "त्या अर्जुनाचं घाला."

बाळासोंनी नाव खोडलं. पेनाचा आवाज नाथाजीला स्पष्ट ऐकू आला. मागं कुणीतरी पुटपुटलं, "दैव देतं आन कर्म नेतं." नाथाजीनं वळून पाहिलं नाही, कारण वळला असता तर त्यानं त्या माणसाचं तोंड फोडलं असतं.

अर्जुनाचं नाव पुकारलं तेव्हा त्याला आधी खरंच वाटेना. मग तो धावत आला, खांबाला हात लावून कपाळाला लावला आणि चढला. तिवडा बुंध्यापासून शेंड्यापर्यंत एकसारखा असतो, मल्लखांब वर निमुळता होत जातो. हे त्या बिचाऱ्याच्या हातांना माहीत नव्हतं. तिसऱ्या पकडीला मांडी सटकली. तो खाली घसरला, पुन्हा चढला, आणखी दोन पकडी केल्या आणि घामाघूम होऊन उतरला. लोक हसले. बारा जणांत तो बारावा आला. खाली आल्यावर मात्र तो नाथाजीला शोधत आला आणि म्हणाला, "वर निमुळता असतोय व्हय रं त्यो? आता कळलं. आता तसाच तासून घेतो."

नाथाजी मैदानाच्या कडेला बसून सगळं शेवटपर्यंत बघत होता. प्रत्येक गड्याच्या उडीबरोबर त्याचे खांदे आपोआप उचलत होते. डोळ्यांत पाणी आलं तेव्हा त्यानं ते पुसलंही नाही. आपण चांगलं केलं असं त्याला एकदाही वाटलं नाही. आपलं काहीतरी मेलं, एवढंच वाटत होतं.

धनाजी पहिला आला. त्याच्या गळ्यात पदक घातलं, फोटो काढला, हवालदारांनी पाठ थोपटली. गर्दी पांगल्यावर तो नाथाजीजवळ येऊन बसला. पदकाची फीत तो बोटाला गुंडाळत होता, सोडत होता.

"नाथा," तो म्हणाला, "खरं सांग. तू चढला असतास तर मी पैला आलो असतो का रं?"

नाथाजीनं आपली जागा दिली होती. पुणं दिलं होतं, पंचविसावं वरीस दिलं होतं. एवढं दिल्यावर एक गोड खोटंही देऊन टाकावं, असा मोठेपणा पुष्कळ जण दाखवतात. नाथाजीकडं तो नव्हता.

"न्हाई," तो म्हणाला.

धनाजीनं मान हलवली. त्यानं पदक गळ्यातून काढून खिशात ठेवलं, आणि दोघं शिराळ्याची गाडी धरायला निघाले.