आडनावातली बाभूळ

"पाव्हणं, झाड कसलं ते सांगा आधी, भटजी खोळंबलेत!" नेरूळच्या हॉलमध्ये माझा साडू असा ओरडला की शेजारच्या दिवाळे गावच्या खाडीतल्या होड्या हलल्या असतील.

त्याच्या मुलीचं लग्न, नवरा मुलगा इंग्रज. आम्हा साताऱ्याकडच्या लोकांत लग्नाआधी देवक मांडतात. प्रत्येक कुळाचं एक झाड ठरलेलं, त्याची फांदी पूजेला लागते. इंग्रजाचं कुठलं देवक? मग साडूनंच तोडगा काढला: त्यांच्या आडनावाचा अर्थ विचारायचा, त्यातनं झाड काढायचं.

तिथंच माझ्या पोटात दुखायला लागलं. तीस वर्षं प्रत्येक लग्नात आडनावाची गोष्ट सांगायचा मान माझा. आमच्या पूर्वजानं नुसत्या घोंगडीत वाघ कसा धरला, तो वाघ पुढं आमची गुरं कशी राखायचा... लोक ताटं निववून ऐकायचे. आणि आज सगळा गोतावळा मुलाच्या बापाभोवती.

तो हळू आवाजात सांगत होता, नवरी मराठीत करून देत होती. या आडनावाची अख्ख्या इंग्लंडात दोन-चार घरं उरलीत. अर्थ, काटेरी कुंपणातलं शेत. ते शेत गेलं, गावही उठलं, नाव तेवढं राहिलं.

संपलं. ना वाघ, ना तलवार. तरी बायकांचे पदर डोळ्यांना.

"मग बाभूळच आणा की," मी म्हणालो. म्हटलं, लग्नात काटे बघून हसतील तरी.

कुणी हसलं नाही. साडूनं गाडी काढली, खाडीकडून फांदी आली. माझ्या सासूबाईंनी, नवरीच्या आजीनं, तिला हळदकुंकू वाहिलं. बोटात काटा घुसला तर म्हणाल्या, "कडक आहे हो देवक." व्याह्यानं हात जोडले. म्हणाला, साठ वर्षांत हा अर्थ मला कुणी विचारला नव्हता.

जेवताना मी वाघ तीनदा सोडला. एकदा तर दोन वाघ केले. माझ्या पुढचा माणूस म्हणाला, "जरा सरका, जिलेबी घ्यायचीय."

घरी येताना रिक्षात बायकोला विचारलं, "त्या इंग्रजानं आपल्या आडनावाची गोष्ट विचारली का गं?"

"विचारली ना."

"मग?"

"म्हटलं, दर लग्नात वेगळी असते."