फाटकावर वाटलेलं उत्तर

अन्याय झाला तो माझ्या थोरल्या वहिनीवर. १९९९ च्या एप्रिलात, शुक्रवारी, पहिली पाळी सुटताना, नागापूर एमआयडीसीतल्या एका पॅकिंग शेडच्या फाटकाबाहेर. त्या दिवशी करणारा मालक नव्हता आणि सुपरवायझरही नव्हता. मी होतो. हातात झेरॉक्सचा गठ्ठा घेऊन उभा.

हे लिहू का, असं मी वहिनींना विचारलं. या वेळी विचारलं. त्या भाकरी थापत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "आता काय राह्यलंय लपवायचं? लिवा. पन मावशींनी काय केलं ते बी लिवा. तुमच्या त्या कागदात मावशीच न्हवत्या." म्हणून लिहितो.

मी पत्रकांवर वाढलेला माणूस आहे. केडगावात आमच्या वस्तीच्या विहाराच्या ओट्यावर बसून पहिलं पत्रक लिहिलं तेव्हा अकरावीत होतो. नळाला पाणी येत नव्हतं. शिकवणारे कामगार चळवळीतले एक म्हातारे कार्यकर्ते. नगरमध्ये त्यांचा बोळातला छापखाना होता. त्यांनी एकच धडा गिरवून घेतला: कोणावर, कुठे, कोणत्या वारी. "'गोरगरिबांवर अन्याय होतो' असं लिहिलंस तर लोक मान डोलावतील आणि कागदात भजी बांधतील. नाव घाल, गाव घाल, वार घाल. मग बघ कसा घाम फुटतो." धडा खोटा नव्हता. घाम कोणाला फुटणार, हे मात्र मी कधी विचारलं नाही.

वहिनी त्या शेडमध्ये पुठ्ठ्याच्या खोक्यांत मशिनचे सुटे भाग भरायच्या. बायकाच जास्त. काही आमच्या वस्तीतल्या, काही पाथर्डी-शेवगावकडच्या, वर्षानुवर्षं ऊसतोडीला कोपरगावकडे जाऊन कंटाळलेल्या आणि शेवटी शहरात राहिलेल्या. शेडमध्ये पुरुषांसाठी मुतारी होती. बायकांसाठी मागच्या भिंतीपलीकडच्या बाभळी. तिथेही जायचं ते जेवणाच्या सुट्टीतच. त्यामुळे बायका सकाळी घरून चहासुद्धा न घेता निघायच्या आणि पाळी संपेपर्यंत पाण्याला तोंड लावायच्या नाहीत. पत्र्याखाली, नगरच्या उन्हात.

यावर मी पत्रक लिहायला घेतलं तेव्हा वहिनी माझ्यासमोर बसल्या आणि त्यांनी फेब्रुवारीतली गोष्ट सांगितली. अंगात ताप होता, म्हणून गोळी घेतली आणि गोळीवर तांब्याभर पाणी. सुट्टीला वेळ होता. सुपरवायझर सोडेना. टेबलाशी उभ्या उभ्याच लुगडं भिजलं. शेजारी मावशी होत्या, पाथर्डीकडच्या, वयानं मोठ्या. त्यांनी पाहिलं. कोपऱ्यातली पाण्याची कळशी उचलून आणली, पाय अडखळल्यासारखं केलं आणि सगळी कळशी वहिनींच्या अंगावर ओतली. वर मोठ्यानं स्वतःलाच म्हणाल्या, "मेली आंधळी मी." पुठ्ठे भिजले म्हणून सुपरवायझरनं मावशींना नाही नाही ते ऐकवलं. मावशींनी ऐकून घेतलं. बायकांनी फरशी पुसली. ज्यांना कळायचं त्यांना कळलं होतं, पण शेडमध्ये त्या दिवसाबद्दल एवढंच बोललं जायचं, की मावशींच्या हातून कळशी सांडली.

"हे लिवायचं न्हाई, भावजी," वहिनी म्हणाल्या. "आमी येवढ्या का पेटलोय ते तुमाला कळावं म्हनून सांगितलं."

मी हो म्हणालो. पत्रकात ते घातलं नाही. दिवसभर पाणी न पिणाऱ्या एका बाईबद्दल तेवढं लिहिलं, नाव-गाव न घालता.

पत्रक चाललं. एमआयडीसीत, एसटी स्टँडवर, वस्तीत वाटलं. मालकाकडून निरोप आला की एप्रिलातल्या एका सोमवारी बायकांनी येऊन बोलावं. बायकांनी एकमतानं ठरवलं, बोलणार वहिनी. चारचौघांत, साहेबासमोर, खुर्चीत बसून बोलायचं. वहिनींनी आयुष्यात हे कधी केलं नव्हतं. त्या रोज तव्याशी उभ्या राहून तालीम करायच्या. "साहेब, आमचं म्हननं असं हाय..." इथून पुढे अडायच्या आणि स्वतःच हसायच्या.

बायकांनी मला एकच काम सांगितलं होतं. आधीच्या रविवारी त्यांच्याबरोबर बसायचं, साहेब काय काय आडवं लावेल ते बघायचं आणि कायद्यातलं चार ओळींत समजावून सांगायचं.

याच काळात माझा एक मित्र नगरच्या सायबर कॅफेत कामाला लागला होता. परदेशातल्या मराठी लोकांसाठी कोणीतरी एक वेबसाइट काढली होती. मित्रानं माझं पत्रक इंग्रजी अक्षरांत टाइप करून तिथं पाठवलं. ते लागलं. खाली गेस्टबुक होतं, कोणीही यावं आणि मत लिहावं. मी स्क्रीनसमोर बसलो तेव्हा माझी छाती फुगली होती. आमच्या बोळातलं पत्रक सातासमुद्रापार गेलं होतं.

पहिलं मत: लेखकाची भाषा भडक आहे. दुसरं: १९९९ साली महाराष्ट्रात असं असणं शक्य नाही, कायदे आहेत, लेखकाला पुढारी व्हायचंय. तिसऱ्यानं लिहिलं होतं, नाव नाही, गाव नाही, मग ही बाई खरंच आहे की पत्रकासाठी बनवली?

मारलेलं सहन होतं मला. पोलिसांनी एकदा मोर्चात काठी घातली होती, तिचा वळ मी मित्रांना कौतुकानं दाखवत फिरलो होतो. पण हे तिसरं वाक्य काट्यासारखं रुतलं. कारण तो माझाच धडा मला वाचून दाखवत होता. न पाहिलेला माणूस, कुठल्या गावात राहतो तेही माहीत नाही, आणि मी रात्रंदिवस त्याच्याशी भांडत होतो. जेवताना, सायकलवर, अंघोळीला बसल्यावर. कॅफेत जाऊन लांबच लांब उत्तर लिहायचो. तो दोन ओळींत उलटायचा. मी परत जायचो. मधेच लाइन तुटली, की मशिनवर हात आपटायचो.

वहिनींना याची मजा वाटायची. ताट वाढताना विचारायच्या, "काय म्हनती तुमची परदेशातली सासू? आज मीठ कमी का तिखट जास्त?"

"वहिनी, हसू नका. तो आपल्याला खोटं ठरवतोय."

"ठरवू दे की. तो काय शेडमधी येऊन खोकी भरनार हाय व्हय? तुमी आदी मला सांगा, साहेबानी जागा न्हाई म्हनलं तर काय म्हनायचं?"

"सांगतो. आज एवढं एक उत्तर टाकून येतो."

मी ते कधीच सांगितलं नाही.

त्या सोमवारच्या आधीच्या आठवड्यात, बुधवारी, मी कॅफेत बसलो आणि सगळं लिहून टाकलं. माझी सख्खी वहिनी. राहणार केडगाव. अमुक शेड. फेब्रुवारीतला अमुक वार. ताप, गोळी, टेबल, भिजलेलं लुगडं. मावशींची कळशी घातली नाही, कारण त्यामुळे गोष्ट मवाळ झाली असती. लिहिताना वहिनींचं म्हणणं आठवलं का? आठवलं. हा माणूस तिकडं परदेशात, केडगावात कोणाला कळणार आहे, असं म्हणून मी बटण दाबलं.

शुक्रवारी सकाळी त्याचं उत्तर आलं होतं. 'वाचून डोळे पाणावले. माझे शब्द मागे घेतो. क्षमस्व.' खाली आणखी चारपाच जणांनी मला शाबासकी दिली होती. मी खुर्चीतून उठून मित्राच्या पाठीत थाप मारली. आजवर इतका आनंद मला कुठल्याच पत्रकानं दिला नव्हता.

आता पत्रकवाला माणूस जिंकला की काय करतो? छापतो आणि वाटतो. दुसरं काही त्याला येत नाही. मी तो सगळा वाद देवनागरीत उतरवून घेतला, माझं उत्तर आणि खाली त्याची माफी. झेरॉक्स काढल्या आणि पाळी सुटायच्या आत नागापूरला पोचलो. सोमवारच्या आधी बायकांना बळ येईल, असं खरोखर वाटत होतं. केडगावात कोणाला कळणार आहे, असं बुधवारी मनाशी म्हटलं होतं, ते शुक्रवारी माझ्या डोक्यातून पार गेलं होतं. जिंकल्यावर माणूस इतका मूर्ख होतो.

आधी शेजारच्या वर्कशॉपमधले पुरुष सुटले. त्यांनी कागद घेतले. मग बायका आल्या. मावशींना वाचता येत नाही. त्यांनी कागद शेजारच्या बाईच्या हातात दिला. "वाच गं, काय लिवलंय आपल्या मास्तरानी." मला त्या मास्तर म्हणायच्या. ती मोठ्यानं वाचू लागली आणि मध्येच थांबली. पुढची ओळ तिनं डोळ्यांनी वाचली आणि कागदाची घडी घातली. मावशी म्हणाल्या, "का गं, थांबलीस का?" तोवर वहिनी मागून आल्या होत्या. त्यांनी तिच्या हातातून कागद घेतला.

वहिनी सावकाश वाचतात, ओठ हलवत. मला त्यांचे ओठ दिसत होते. कोणत्या ओळीवर आहेत तेही कळत होतं.

बायकांना ने-आण करणारा टेम्पोवाला फाटकाशीच होता. त्यानं कागद वाचला होता. गालात हसत त्यानं मागच्या बाकावर एक पोतं पसरलं आणि म्हणाला, "बसा ताई, आता काळजी नाही." वर्कशॉपमधले दोघंतिघं हसले.

वहिनी टेम्पोत बसल्या नाहीत. नागापूरपासून केडगावपर्यंत, सगळं नगर ओलांडून, त्या पायी आल्या. मावशी त्यांच्याबरोबर चालल्या, त्यांची खोली भलत्याच दिशेला असून. मी सायकल हातात धरून मागे. दोघींपैकी एकीनंही मागे पाहिलं नाही. मी हाक मारली असती तर काय म्हणालो असतो? तो परदेशातला तर माफी मागून मोकळा झाला, असं?

शनिवारी वहिनी कामावर गेल्या नाहीत. भावानं मला एकच विचारलं, "तिला इचारलं होतंस का?" मी नाही म्हणालो. तो उठून बाहेर गेला.

रविवारी मावशी घरी आल्या. वहिनी आत होत्या. मावशी उंबऱ्यात बसल्या आणि मला समोर बसवलं.

"तुला राग कुनाचा आला हुता?"

"त्यानं लिहिलं होतं, ही बाई खोटी आहे."

"मग? खोटी म्हनल्यानं ती खोटी झाली का? ती सकाळच्याला उठून कामाला येतच हुती ना?"

मावशी थोड्या पुढे सरकल्या.

"लेका, मी त्या सुपरवायझरच्या शिव्या खाल्ल्या. आंधळी म्हनून घेतलं. का तर तिची अब्रू झाकावी. आन् तू, शिकलेला, घरचा. लांबच्या मान्सानं शाब्बास म्हनावं म्हनून जवळच्या मान्साचं लुगडं सोडलंस. याला काय म्हनत्यात ते तुज्या पुस्तकात बघ."

गेस्टबुकातल्या प्रत्येक माणसाला माझ्याकडे पानभर उत्तर होतं. मावशींना एक शब्द नव्हता. आजही नाही. ज्यांच्या टीकेनं माझी झोप उडाली होती त्यांतल्या एकाचंही काही बिघडणार नव्हतं, मी खरा ठरलो काय आणि खोटा ठरलो काय. जिचं बिघडणार होतं तिनं मला तीन वेळा विचारलं होतं, साहेबानं जागा नाही म्हटलं तर काय बोलायचं.

सोमवारी वहिनी जाणार की नाही, हे घरात कोणालाच माहीत नव्हतं. सकाळी त्यांनी डबा भरला. मी म्हणालो, "वहिनी, मी येऊ?"

"नका येऊ. फाटकापाशी बी नका येऊ."

पुढचं मला मावशींकडून कळलं, तेही खूप उशिरा. साहेबाच्या टेबलावर माझा कागद होता. त्यानं तो पुढे सरकवला आणि म्हणाला, ही तर एका बाईच्या आजाराची गोष्ट दिसते, यात कारखान्याचा काय दोष? माझ्या उत्तराचा हा उपयोग झाला होता. बायका खाली बघायला लागल्या. वहिनींनी कागद उचलला, पालथा ठेवला आणि म्हणाल्या, "साहेब, ती मीच. आता संडासाचं बोला."

साहेबानं जागा नाही म्हटलं. मावशींनी त्याला नेऊन जागा दाखवली, भंगार टाकायची.

पावसाळ्याआधी दोन संडास बांधून झाले. वहिनी कामावर जातात. टेम्पो त्यांनी बदलला. मला ताट वाढतात, माझी विचारपूस करतात, पण शेडमधलं काही सांगत नाहीत. पूर्वी तव्याशी उभ्या राहून साहेबाची, सुपरवायझरची नक्कल करायच्या. आता मी आत गेलो, की वहिनी आणि माझी आई बोलणं बदलतात. ते गेस्टबुक अजून तसंच आहे. वेबसाइटवाल्याला काढायला सांगितलं, तर उत्तर येत नाही. मित्र म्हणतो, कोणी कोणी अजून खाली लिहितंय, लेखकाच्या बाजूनं आणि विरुद्ध. मी गेलो नाही बघायला.

संडास झाले, पण त्यांना कुलूप लागलं. किल्ली सुपरवायझरच्या खिशात. प्रत्येक बाईनं त्याच्यासमोर हात पसरून किल्ली मागायची, आणि तो विचारणार, आत्ताच तर गेली होतीस ना. म्हणजे बायका पुन्हा पाणी प्यायच्या थांबल्या. वहिनी आणि मावशी आता त्या किल्लीसाठी भांडताहेत. पत्रक मागितलेलं नाही त्यांनी.

हे वाचून माझ्याबद्दल तुमचं जे मत होईल ते तुमच्यापाशी ठेवा. चांगलं असो, वाईट असो, मला कळवू नका. तुम्ही ज्या कारखान्यात, शाळेत, ऑफिसात, दुकानात जाता तिथे बायकांच्या संडासाची किल्ली कोणाकडे असते, ते उद्या सकाळी जाऊन विचारा. ती एखाद्या पुरुषाच्या खिशात असेल, तर काढून घ्या आणि बायकांच्या हातात द्या.