चार वाइन आणि जयरामचा थेंब

किरणपाणीच्या तरीवर बाबा मला सोडायला आले, तेव्हा खाडीला भरती होती. पलीकडे, गोव्याच्या ज्या काठावर वर्षापूर्वी परक्या सरकारचा शिपाई बंदूक घेऊन उभा असे, तिथे मी पत्र्याची ट्रंक घेऊन नोकरीला निघालो होतो. ट्रंकेत दोन सदरे आणि बाकी सगळी पत्रकं. गोवामुक्तीची, दारूबंदीची, कुळांच्या हक्कांची. मी वाचायला शिकलो तोच त्यांच्यावर. बाबा एवढंच म्हणाले, "थंय बरो रव. सगळ्यांक शिकवीत बसू नको."

होडीत आमचा शेजारी जयराम आधीच येऊन बसला होता. माझ्याच वयाचा, हातात एक पिशवी. त्यालाही पणजीच्या त्याच वर्तमानपत्राने बोलावलं होतं. होडी सुटायच्या आत त्याची नावाड्याशी दोस्ती झालेली.

आपल्या गावी, आरोंद्यात राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारखं खाडीपलीकडे गोव्यात आलेल्यांनो, जयरामचं कौतुक तुम्ही पुष्कळ ऐकलं असेल. त्याला वर्तमानपत्रातली ती जागा कशी मिळाली, ते माझ्याकडूनही ऐका.

पणजीत आम्ही एकाच खोलीत राहायचो. गावी सकाळ म्हणजे पेज आणि सुक्या बांगड्याचा तुकडा. इथे पोदेर पाव घेऊन यायचा आणि समोरच्या खिडकीतली म्हातारी आम्हाला 'बोम दिया' म्हणायची. मी मान हलवायचो. जयराम दुसऱ्या आठवड्यात तिच्या स्वयंपाकघरात बसून कालवण चाखत होता. मी कचेरीत सर्वांच्या आधी जायचो, अग्रलेख कापून ठेवायचो. दोघेही उमेदवार होतो आणि कायमची जागा एकच होती. ज्याला मिळणार नाही, त्याने गावी परत जायचं. भाताच्या दोन कुणग्यांवर आमच्या घरात आणखी एक तोंड पोसण्यासारखं नव्हतं, हे मला माहीत होतं.

अशात बाप्तिस्त नावाच्या जुन्या दारूव्यापाऱ्याचं निमंत्रण आलं. पोर्तुगालचा माल बंद झाला होता. उरलेल्या पेट्यांतल्या वाइन हॉटेलवाल्यांना आणि नव्या अधिकाऱ्यांना चाखायला घालून गिऱ्हाईक जमवायचा त्यांचा बेत होता. संपादकांनी आम्हा दोघांना पाठवलं. दोघांनी लिहायचं, ज्याचा लेख छापला जाईल, त्याची जागा.

मी आयुष्यात दारूला शिवलो नव्हतो. पण तिथली रीतच अशी की घोट तोंडात घोळवायचा, चव ध्यानात घ्यायची आणि पितळेच्या पिकदाणीत थुंकायचा. माझं तत्त्व शाबूत राहणार होतं.

पहिली 'हिरवी' म्हणवणारी, दिसायला पांढरी. जिभेला बिंबलीसारखी आंबट आणि किंचित फसफसणारी. दुसरी तांबडी, काजूच्या पिकल्या बोंडवासारखी घशाला धरणारी. तिसरी मदेइरा, तिला करपत आलेल्या काकवीचा वास. चौथी पोर्त, दाट आणि गोड, साखरेत मुरलेल्या रातांब्यांच्या रसासारखी. चारांत सरस ती दुसरी. गोडाच्या किंवा फेसाच्या आडोशाला न लपणारी ती एकटीच. हे सगळं मनात आलं आणि मी ते बाजूला सारलं. वर्तमानपत्रात बोंडू आणि रातांबे कोण लिहितो?

शेजारी जयराम प्रत्येक पेल्यात बोट बुडवत होता, एक थेंब लखलखीत लादीवर उडवत होता आणि मग सगळी वाइन गिळत होता. मी कुजबुजलो, अरे, थुंक. तो मालवणीत, चांगल्या मोठ्या आवाजात म्हणाला, "राखण्याक दिललां आता थुकूचां कसां?"

आपल्याकडे पिणारा पहिला थेंब जमिनीच्या राखणदाराला सोडतो. तुम्हाला हे सांगायला नको. मी म्हटलं, इथे परक्याच्या दिवाणखान्यात कसला राखणो?

"जमीन आसा मगे राखणो आसतलोच."

बाप्तिस्त आमच्याकडे येताना दिसले. ते त्याला हाकलतील, असं मला वाटलं, आणि खरं सांगायचं तर बरं वाटलं. त्यांनी लादीवरचे डाग पाहिले, जयरामकडे पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाले, "म्हजी आजी अशेंच करताली." मग आपल्या पेल्यात बोट बुडवून त्यांनीही थेंब सोडला. हॉटेलवाले हसले, एकेकाने तेच केलं, आणि पिकदाणी कुणीतरी पायाने टेबलाखाली सारली. माझ्या तोंडात पोर्तचा घोट होता. तो मला धड थुंकता येईना, धड गिळता येईना. रुमालात सोडला.

मी जो लेख लिहिला, त्यात सालाझारशाही होती, सत्ताधाऱ्यांचे चोचले होते, खाडीपलीकडची, आपल्या बाजूची दारूबंदी होती. एक वाक्य खोटं नव्हतं. जयरामने लिहिली फक्त त्या थेंबाची हकीकत. संपादक मला म्हणाले, "तुमचं सगळं बरोबर आहे. पण हे पत्रक झालं." पत्रक ही शिवी आहे, असं मला आजही वाटत नाही.

मी गावी गेलो नाही. म्हापशाच्या एका छापखान्यात मुद्रितं तपासतो. कुळांच्या सभांची पत्रकं लिहितो, आणि ती चांगली असतात. पण रविवारी जयरामचं सदर सर्वांत आधी मीच वाचतो, एखादी चूक सापडेल म्हणून. सापडते, आणि त्या चुकीसकट लेख चांगला असतो.

यंदा चवथीला घरी गेलो, तर ओसरीवर बाबा त्याचंच सदर वाचत होते. माझी पत्रकंही त्यांनी वाचली होती, घडी घालून ठेवली होती. मी विचारलं, कसं वाटलं? त्यांनी चष्मा काढला.

"जयरामाचां वाचलां काय गावात बसल्यासारख्या वाटता. तुझां वाचलां काय सभेत बसल्यासारख्या."

मी म्हटलं, सभेतही माणसंच असतात.

"आसतत. पण सभा सरली काय तीं पण घराक जातत."

मग ते आरतीची तयारी करायला उठले. घर म्हणजे आता माझ्यासाठी काय, असं तुम्ही विचाराल, तर बाबांच्या त्या वाक्यापलीकडे मला काही सांगता येत नाही. जयरामला मात्र विचारू नका. त्याला सांगता येईल.