निरभ्र आकाशाची तार

मी पुण्याच्या शाळेत भूगोल शिकवतो. ढगांचे प्रकार फळ्यावर काढून काढून कंटाळलो होतो, म्हणून गेल्या नाताळच्या सुटीत रेवदंड्याला जाऊन खरे ढग वहीत उतरवायचं ठरवलं. बायको म्हणाली, "थंडीत कुठले ढग? नुसतं निळं आकाश बघून परत याल." तिचं न ऐकता निघालो.

मुंबईच्या धक्क्यावरून सकाळच्या आगबोटीने रेवस, तिथून टांग्याने अलिबागवरून रेवदंडा. जाणाऱ्यांनी भाडं रेवसलाच ठरवावं आणि बसायला जाड गोणपाट मागून घ्यावं. रस्ता हाडं खिळखिळी करतो. खादीची टोपी घातलेला टांगेवाला दर पुलाशी घोड्याला पाणी दाखवत होता. पोचेपर्यंत दिवे लागले होते.

उतरलो ते तारमास्तरांकडे. ते माझ्या मेहुण्याचे स्नेही. त्यांच्या कचेरीबाहेर काळा फळा आहे. मुंबईहून हवामानाची तार आली की ते स्वतः खडूने मजकूर लिहितात. पुढचे तीन दिवस तेच लिहिलेलं होतं : आकाश निरभ्र, वारा मंद, समुद्र शांत.

पहिले दोन दिवस सुखाचे गेले. सकाळी तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं खाऊन मी कोटाच्या पडक्या तटावर जाऊन बसे. उंचावर पिसांसारखे पांढरे ढग, कधी त्यांचीच माशाच्या खवल्यांसारखी रांग, दुपारी डोंगराच्या अंगाला कापसाचे दोनचार ढीग. थंडीत एवढंच असतं, पण वही भरली. किनाऱ्यावर जाळी दुरुस्त करणारे धर्मा नाखवा माझी चित्रं बघायला येत. पन्नाशीचा धिप्पाड माणूस, बोलणं हळू. खवल्यांच्या ढगावर बोट ठेवून म्हणाले, "ह्यो दिसला का वारा फिरतो."

"तो फार उंच असतो, नाखवा. त्याचा होडीला त्रास नाही," मी म्हणालो.

तिसऱ्या दिवशी दुपारी सगळ्या आकाशावर दुधासारखा पातळ पडदा आला आणि सूर्याभोवती मोठं खळं पडलं. वाळूवरच्या सावल्या फिक्या पडल्या. नाखव्यांची बायको जनाबाय सुकत घातलेली मासळी उचलायला लागली.

"खळं पडलंय. उद्या दर्यावर जाऊ नका," ती नवऱ्याला म्हणाली.

नाखव्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मास्तर, तुमी शिकलेली मानसं. जावं का न्हाय?"

मला तेव्हा गप्प बसता आलं असतं. पण मी खळं म्हणजे उंचावरचे बर्फाचे कण हे समजावून सांगितलं, फळ्यावरची तार सांगितली आणि म्हणालो, "खुशाल जा."

दुसऱ्या दिवशी पहाटे जाग आली ती शांततेनं. रोज पहाटे जमिनीकडून येणारा मतलई वारा नव्हता. माडाची झावळी हलत नव्हती. दार उघडलं तर अंगण नव्हतं, तुळस नव्हती. धुकं म्हणजे जमिनीला टेकलेला ढग, हे मी शेकडो मुलांना शिकवलं आहे. त्या ढगात हात पुढे केला, तर बोटं दिसेनात.

किनाऱ्यावर पोचलो तेव्हा तिथे दहाबारा बाया उभ्या होत्या. नाखवा, त्यांचा भाऊ आणि एक गडी धुकं उतरायच्या आधीच, वारा पडला असतानाही वल्ही मारत गेले होते. जनाबाय पितळी थाळीवर पळी आपटत होती. ती थांबली की सगळ्या कान देत. समुद्राचाही आवाज नव्हता.

मग हाक आली. "ओऽऽ!" नाखव्यांचाच आवाज. पण तो आला आमच्या पाठीमागून, माडांच्या बागेतून.

एक म्हातारी पुटपुटली, "वळू नका गं कुनी. वळून बघू नका."

मला सांगायचं होतं की धुक्यात आवाजाची दिशा फसते. तोंड उघडलं, पण मानेवर काटा आला होता आणि मीही वळलो नाही. पुन्हा हाक आली, या वेळी जरा लांबून. जनाबायनं माझ्याकडे एकदाच पाहिलं आणि थाळी आणखी जोरात बडवायला लागली. तिच्या अंगठ्यातून रक्त येत होतं. मी थाळी घेतली आणि हात भरून येईपर्यंत वाजवत राहिलो.

सूर्य बराच वर आल्यावर धुकं एकदम फाटलं, कुणी चादर ओढावी तसं. होडी समोरच होती, दगड फेकला तर पोचेल इतकी जवळ. तिघेही जिवंत होते. आमच्याकडे पाठ करून, जीव खाऊन वल्ही मारत ते भर समुद्राकडे चालले होते.

बायांनी आरडाओरडा केला. नाखव्यांनी मागे वळून पाहिलं आणि त्यांच्या हातचं वल्हं गळून पडलं.

वाळूत उतरून ते खाली बसले. म्हणाले, "आमी तुमच्याकडंच येत होतो. थाळी तिकडं वाजत होती." त्यांनी मोकळ्या समुद्राकडे बोट दाखवलं. "येकदा न्हाय, सारा वेळ."

"धुक्यात तसं होतं," मी म्हणालो. "आणि नाखवा, चूक माझी. मी जा म्हणायला नको होतं."

"तुमची कशी? गेलो मी." एवढंच बोलून ते उठले. जनाबायनं मात्र माझ्याकडे न बघता हातातली थाळी काढून घेतली.

कचेरीकडे परतलो तेव्हा तारमास्तर फळा पुसत होते. नवी तारही निरभ्र आकाशाचीच होती, आणि खरोखर वर ढगाचा ठिपका नव्हता. "तार चुकली नाही हो," ते म्हणाले. मी मान हलवली.

परत येऊन महिना झाला. वर्गात अजून तेच ढग शिकवतो. परवा नदीकडून धुकं आलं. मी फाटकाशी होतो, बायकोनं चहाला हाक मारली. घर दहा पावलांवर होतं. मी फाटक धरून तसाच उभा राहिलो. तिनं आणखी दोनदा बोलावलं. शेवटी बाहेर येऊन तिनं माझं मनगट धरलं, तेव्हा कुठे पाऊल उचललं.