केअर ऑफ बायझंटाइन

वाचकहो, एक अख्खं साम्राज्य बेपत्ता झाल्याचं मी आज जड अंतःकरणाने जाहीर करतो. गुलाबतेलाचा वास आला की मला दुबईच्या देरा भागातलं आमचं नव्वदच्या दशकातलं जहाजदुरुस्तीचं ऑफिस आठवतं, आणि तो वास अंगावर बाळगणारा बल्गेरियन इंजिनियर. त्याच्या मुलीला दुसऱ्या दिवशी इंग्रजी शाळेत आपल्या देशाच्या मध्ययुगातल्या साम्राज्यावर बोलायचं होतं, म्हणून त्याने मध्ययुगीन युरोपचा विटेएवढा इंग्रजी इतिहास आणला होता. एसी घरघरत होता, खाडीवरून डिझेलचा वास येत होता आणि हा दुपारभर उठबस करत पानं उलटत होता. शेवटी पुस्तकामागच्या सूचीत त्याचा देश सापडला, पण पुढे पानाचा आकडाच नाही. नुसतं 'पाहा: बायझंटाइन साम्राज्य'. "हबीबी, शेकडो वर्षं ज्यांच्याशी लढलो, त्यांच्याच घरात शोधू?" तो म्हणाला. आजही नवा ग्रंथ दिसला की मी आधी सूची उघडतो, कारण त्या दुपारी मी त्या ओळीचा अर्थ मराठीत सांगताच चहा घेऊन आलेले आमच्या ऑफिसातले चिपळूणचे मामा, ज्यांची घरची पत्रं कंपनीच्या पोस्ट बॉक्सवर यायची, बोलून गेले, "म्हणजे यांचा राजापण आपल्यासारखाच की, केअर ऑफ. आणि तेही दुश्मनाच्या पत्त्यावर."