दुरुस्त केलेला पुरावा

वारंगा फाट्यावर उतरून कुणालाही सोनाजीचं गॅरेज विचारा. माणूस हात करून जागा दाखवेल आणि वर फुकटचा सल्ला देईल, "जा, पन घाई असंल तर नका जाऊ." सोनाजी भिवाजी खिल्लारे यांच्याकडे हॉर्नसाठी नेलेली गाडी ब्रेक, चेन आणि आरसा सगळं नीट होऊनच बाहेर पडते, मग मालक बिचारा उन्हात ताटकळत का बसेना. बिघडलेली वस्तू डोळ्यांपुढे असली की या माणसाला घास गोड लागत नाही. एकदा नात्यातल्या लग्नात नवरदेवाची गाडी खडखडली, तेव्हा त्याने मांडवाकडे निघालेली मिरवणूक थांबवून सायलेन्सर आवळला होता. बँडवाले अर्धा तास एकच गाणं वाजवत उभे राहिले. नवरीचा मामा चिडला, तर सोनाजीच त्याच्यावर डाफरला, "लग्न काय उशिरा बी लागते. सायलेन्सर रस्त्यात पडला असता मंग?"

असा हा माणूस. पत्र्याची शेड, आत बाबासाहेबांचा फोटो, फोटोखाली पान्यांची रांग आणि रांगेतला एकही पाना जागा सोडून नाही. त्याचं नाव आजवर फक्त दोन ठिकाणी छापून आलं होतं, स्वतःच्या लग्नपत्रिकेत आणि मतदारयादीत. तिसऱ्यांदा छापून आलं ते एका कंपनीच्या पत्रात, आणि तिथूनच सगळं रामायण सुरू झालं.

झपाटा नावाची स्कूटर फाट्याच्या आसपास तीन वर्षांत पंधरा जणांनी घेतली होती. दिसायला देखणी, बसायला ऐसपैस. त्यातली पहिली पेटली ती तातेरावांची. तातेराव मिरचीचे व्यापारी. ढाब्यासमोर गाडी उभी करून ते चहा पीत होते आणि गाडीवर मिरचीचं पोतं होतं. गाडी कशी जळाली हे कुणी धड पाहिलंच नाही, कारण मिरचीच्या धुराने सगळा फाटा शिंकत होता. अजूनही लोक त्या दिवसाला 'शिंकांचा बुधवार' म्हणतात. दुसरी पेटली करुणा सिस्टरची, उपकेंद्राच्या दारात. धूर दिसताच सिस्टरने लशींचा डबा उराशी धरून उडी मारली, म्हणून त्या वाचल्या आणि लसही वाचली.

दोन्ही गाड्या पेटण्याआधी आठवडाभरात सोनाजीच्या हाताखालून गेल्या होत्या. एकीचे ब्रेक त्याने केले होते, दुसरीचं ऑइल बदललं होतं. सोनाजीची झोपच उडाली. त्याने तिसरी झपाटा उघडली, मांडी घालून तिच्यापुढे बसला आणि तासाभराने त्याला दिसलं ते असं, की टाकीतून इंजिनाकडे जाणारा पेट्रोलचा पाईप कंपनीनेच बोटभर आखूड कापला होता. पाईप सतत ताणलेला, खाली इंजिनाची धग आणि वरून आपल्याकडचा उन्हाळा. दोन वर्षांत जोडापाशी चीर पडते आणि थेंब थेंब पेट्रोल नेमकं गरम लोखंडावर पडतं. एवढी साधी गोष्ट होती.

त्याने कंपनीला कळवलं. कंपनीने उत्तर दिलं, गुळगुळीत कागदावर: आगीचं कारण 'वारंगा फाटा येथील अनधिकृत कारागीर सोनाजी भिवाजी खिल्लारे यांनी इंधनप्रणालीत केलेली छेडछाड' हे आहे.

ते पत्र फाट्यावर फिरलं. तोंडावर कुणी बोललं नाही, पण गिऱ्हाइकं हळूहळू पुढच्या गॅरेजला वळू लागली. एका म्हातारीने तर आपली सायकल त्याच्या दारावरून ढकलत नेली आणि पंक्चर दुसरीकडे काढलं. सायकलीत कुठलं आलंय पेट्रोल! पण माणसाचं नाव एकदा बिघडलं की ते कुठल्याच पान्याने आवळता येत नाही. सोनाजी आतून पार खचला होता.

त्याची मुलगी ऐश्वर्या हिंगोलीला राहून डिप्लोमा करत होती. ती बापासारखी खचणारी नव्हती. "पप्पा, सरकारचं पोर्टल हाये," ती म्हणाली. "एकाच गाडीच्या पुरेशा तक्रारी जमल्या की सरकार चौकशी लावते. दोष कंपनीचा निघाला तर सगळ्या गाड्या परत बोलवून फुकट दुरुस्त करून द्या लागते त्यांना." तिने उरलेल्या मालकांना एकेकाला धरून फोनवर तक्रारी भरून घेतल्या. इतर जिल्ह्यांतूनही तशाच तक्रारी जमत होत्या. जाताना ती बापाला बजावून गेली, "चौकशीवाले येईपर्यंत गाड्या उभ्या ठेवा म्हनावं लोकायला. अन् तुमी कशाला हात लावू नका."

"न्हाई लावत," सोनाजी म्हणाला. त्या क्षणी ते त्याला खरंच वाटत होतं.

पंधरांतले फक्त पूजा सांगणारे विश्वंभर गुरुजी तक्रार करायला तयार नव्हते आणि गाडी उभी ठेवायलाही तयार नव्हते. "गाडी मी मुहूर्त पाहून घेतली आहे. तिला काही होत नाही," असं त्यांचं म्हणणं. पाईपला चीर पडली, तेव्हा गुरुजींनी अंगाच्या साबणाची वडी ओलसर करून त्या चिरेत चोपली आणि विषय संपवला. डिकीत कापूर, काडेपेटी, तुपाची बरणी आणि उदबत्त्या. सोनाजी रस्त्यात त्यांना आडवा होऊन हात जोडायचा. "गुरुजी, तुमी गाडी न्हाई चालवून राहिले, यज्ञ घेऊन हिंडून राहिले! पाईप बदलू द्या. पैसे बी नको मला."

"फुकट म्हणतोस, म्हणजे आत काहीतरी काढशील," गुरुजी म्हणायचे आणि किक मारून जायचे. गाडी बटणावर सुरू व्हायची, तरी गुरुजी किकच मारायचे, बॅटरी झिजू नये म्हणून.

शेवटी पत्र आलं. चौकशी अधिकारी गुरुवारी वारंगा फाट्यावर येऊन गाड्या तपासणार.

आता आपल्याकडे 'साहेब येणार' म्हटलं की काय होतं ते सांगायला नको. शाळेत साहेब येणार म्हटलं की पोरांच्या आधी भिंती धुतल्या जातात. फाट्यावरही तेच झालं. ढाबेवाल्याने पाणी मारलं. तातेरावांनी हार सांगितला. सोनाजीने शेड झाडली, दगडांना चुना लावला, कोपऱ्यातलं भंगार भंगारवाल्याच्या गाड्यावर चढवलं. आणि मग त्याची नजर तपासणीसाठी मालकांनी आणून ओळीने लावलेल्या बारा झपाटांवर गेली. बाराच्या बारा गळक्या. परवा सरकारचा माणूस येणार आणि त्याच्या दारात गळक्या गाड्या बघणार? लोक काय म्हणतील? सोनाजीचा हात शिवशिवला. त्याने एक पाईप बदलला. एक बदलल्यावर दुसरी गाडी शेजारी कशी बघवेल? दोन दिवसांत बाराही गाड्यांना जाड जाळीचे, बोटभर लांब, नवे पाईप बसले आणि जुने पाईप भंगारात गेले.

गुरुवारी सकाळी ऐश्वर्या बसमधून उतरली, तर दारात रांगोळी आणि रांगोळीमागे बारा चकचकीत गाड्या. तिने एकीखाली वाकून पाहिलं. मग दुसरीखाली.

"पप्पा, हे काय करून ठेवलं? ह्या गाड्या म्हंजे पुरावा होता! तुमी पुरावाच दुरुस्त केला!"

"बिघडलेला होता ना मंग," सोनाजी म्हणाला. म्हणता म्हणताच त्याला कळलं आणि तो मटकन टायरवर बसला.

तेवढ्यात जीप आलीच. चौकशी अधिकारी निता मॅडम उतरल्या. बोलणं मोजकं, हातात टॉर्च आणि मोजपट्टी. सोबत कंपनीचा माणूस, कडक इस्त्रीच्या शर्टातला. मॅडमनी हार बाजूला ठेवला आणि एकेक गाडी पाहिली. बारा गाड्या, बारा बाहेरचे पाईप.

"हे कुणी बसवले?"

"मी, मॅडम," सोनाजी म्हणाला. खोटं बोलायचं सुचलंच नाही त्याला.

कंपनीच्या माणसाचा चेहरा लग्नघरासारखा खुलला. "बघा मॅडम. आम्ही पत्रात हेच तर लिहिलं होतं. छेडछाड!"

"मूळ पाईप कुठे आहेत?"

"भंगारात गेले, मॅडम. तुमी येनार म्हनून साफसफाई केली."

मॅडमनी पेन उघडलं. त्या वहीत आता काय लिहिलं जाणार हे सोनाजीला दिसत होतं. वीस वर्षं ज्या हातांनी फाट्यावरच्या गाड्या चालत्या ठेवल्या, त्याच हातांनी त्याने स्वतःच्या नावाला काडी लावली होती. ऐश्वर्याचे डोळे भरून आले. तिला बापाचा राग आला होता आणि त्याहून जास्त कीव. एकाएकी ती ओरडली, "गुरुजींची गाडी! त्यायनं कुनाला हातच लावू देला न्हाई अजून!"

गुरुजी कुरुंद्याला गेले होते, किसनसिंगांच्या नव्या ट्रॅक्टरची पूजा करायला. मॅडमनी घड्याळ पाहिलं आणि म्हणाल्या, "बसा जीपमध्ये." वाटभर सोनाजी आयुष्यात पहिल्यांदा प्रार्थना करत होता की गुरुजींनी त्याचं ऐकलेलं नसू दे.

कुरुंद्याला किसनसिंगांच्या अंगणात एकीकडे हळद वाळत घातलेली, दुसरीकडे हार घातलेला ट्रॅक्टर आणि त्याला खेटून गुरुजींची झपाटा. तीही लखलखीत. किसनसिंग मोठ्या मनाचा माणूस. ट्रॅक्टर धुता धुता मोटारीच्या पाइपाने त्यांनी गुरुजींची गाडीही धुऊन काढली होती. दोन वर्षांत पहिल्यांदाच. साबण पेट्रोलला पुरून उरला होता. पाण्यापुढे काय टिकणार? वडी केव्हाच विरघळून वाहून गेली होती. ट्रॅक्टरला ओवाळून झालं आणि किसनसिंग आग्रहाने म्हणाले, "गुरुजी, तुमच्या गाडीले बी ओवाळा की. दिवस चांगला हाय."

गुरुजी पेटत्या कापराची आरती घेऊन स्कूटरकडे वळले, नेमका तेव्हाच सोनाजी फाटकातून आत आला आणि त्याला पेट्रोलचा वास आला. पुढचं त्यालाही नीट आठवत नाही. तो हळदीवरून धावला, गुरुजींच्या पुढ्यात उभा राहिला आणि छाती भरून फूऽऽ करून आरती विझवली.

पंचक्रोशीत आजवर कुणी आरती फुंकून विझवली नव्हती.

"अरे नतद्रष्टा!" गुरुजी ओरडले. "आरती विझवलीस? देवाची आरती?"

"गुरुजी, पाया पडतो, खाली बघा! तुमच्या पायाखाली बघा!"

सगळ्यांनी खाली पाहिलं. गाडीखालच्या फरशीवर पेट्रोलचं थारोळं साचलं होतं आणि गुरुजींचा डावा पाय त्यातच होता. गुरुजींनी पाय उचलला. मग ताटाकडे पाहिलं, मग सोनाजीकडे.

मॅडमनी सगळ्यांना मागे सारलं, पेट्रोल उतरवून घ्यायला लावलं, थारोळ्यावर माती टाकायला लावली आणि मगच टॉर्च लावला. पाईपवर कारखान्याचा छाप जसाच्या तसा. मोजपट्टी लावली. बोटभर आखूड.

"मॅडम, यांनी तर साबण लावला होता," कंपनीचा माणूस म्हणाला. "ही पण छेडछाडच झाली."

"साबण धुऊन गेला," मॅडम म्हणाल्या. "आता उरलंय ते सगळं तुमच्या कंपनीचं."

पंचनामा झाला. गाडी आहे तशी सील करून पुण्याला तपासणीला जाणार होती. सोनाजी त्या उघड्या, चिरलेल्या पाईपकडे बघत तासभर उभा होता. त्याची बोटं वळवळत होती. शेवटी मॅडमच म्हणाल्या, "सोनाजीराव, हात खिशात ठेवा." त्याने ठेवले. बिघडलेली वस्तू डोळ्यांपुढे आहे आणि आपण ती दुरुस्त करत नाही, एवढं अवघड काम त्याने जन्मात केलं नव्हतं.

पुढचे सात महिने गुरुजींना गाडी नव्हती. प्रत्येक पूजेला सोनाजीच त्यांना आपल्या गाडीवर मागे बसवून न्यायचा, आणि जाताना-येताना दोघे भांडायचे. गुरुजी म्हणायचे, आरती विझवलीस त्याचं पाप लागेल. सोनाजी म्हणायचा, लागू द्या, तुमी तर जित्ते हाये ना ते सांगायला. कापराची डबी मात्र गुरुजी आता खिशात ठेवायचे आणि काडेपेटी यजमानाकडे मागायचे.

दिवाळीनंतर एक दिवस कागद आला. सरकारी शिक्का, खाली सही. ऐश्वर्याने तो शेडमध्ये उभं राहून मोठ्याने वाचला: मूळ पाईप कारखान्यातच आखूड बसवल्याचं आढळलं, देशभरातल्या सगळ्या झपाटा गाड्या कंपनीने परत बोलवून विनामूल्य दुरुस्त कराव्यात, आगीशी स्थानिक दुरुस्तीचा काहीही संबंध आढळला नाही.

"माझं नाव कुठं हाये त्यात?" सोनाजीने विचारलं.

"कुठंच न्हाई, पप्पा."

"बराबर पाय. मागच्या बाजूनं बी पाय."

"न्हाई. एकदा बी न्हाई."

सोनाजीने हात पुसले, कागद घेतला आणि बराच वेळ बघत राहिला. मग फाट्यावरच्या फोटोवाल्याकडून त्याला काचेची फ्रेम करून आणली आणि बाबासाहेबांच्या फोटोखाली, पान्यांच्या रांगेच्या वर लावली.

पहिल्यांदा ती फ्रेम पाहिली विश्वंभर गुरुजींनी. त्यांची गाडी पुण्याहून नवा पाईप लावून परत आली होती आणि ते ती थेट इथेच घेऊन आले होते. "कंपनीवाल्यांनी बसवलाय," ते म्हणाले. "तू एकदा बघून घे." मग चष्मा वर करून त्यांनी फ्रेममधला कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला.

"सोनाजी, काच लावून ठेवलास खरा, पण यात तुझं नाव कुठंय?"

सोनाजी गाडीखाली आडवा झाला होता. तो तिथूनच म्हणाला, "न्हाई ना? मंग पुन्हा एकदा वाचा, गुरुजी. अन् जरा मोठ्यानं वाचा, रस्त्यावर ऐकू गेलं पायजे."