जगात फक्त आमच्या धुऱ्यावर

दर्यापूरकडच्या आमच्या वावरात, धुऱ्यावर म्हणजे बांधावर, भादव्यात एक निळं फूल यायचं. मोठे बाबा, म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, त्याला तण म्हणत. त्यांचं वावर पंचक्रोशीत सगळ्यांत स्वच्छ. दुसऱ्याच्या वावरात गवत दिसलं की पंगत चुकल्यासारखं तोंड करत. धुरा मात्र सोयाबीनची सवंगणी आटोपल्यावरच निंदायचा, कारण त्याआधी बाया मिळत नसत. तोवर फूल फुलून, बी सांडून, वाळून मोकळं झालेलं असे.

मग अकोल्याहून संशोधन करणारी एक मुलगी आली. धुऱ्यावर गुडघे टेकून बसली आणि म्हणाली, हे एकाच हंगामाचं रोप आहे, बी पडलं तरच पुढच्या साली उगवतं, आणि आजवर एवढ्याच जागी सापडलंय. बी पडेपर्यंत हात लावू नका.

गावाला तेवढंच पाहिजे होतं. कालपर्यंत फुलाकडे कोणी ढुंकून पाहिलं नव्हतं, आता प्रत्येकाच्या आजोबांनी ते ओळखलं होतं म्हणे. संरक्षण समिती झाली. अध्यक्षपदावरून दोन चुलत भावांचं बोलणं बंद झालं. चौकात फ्लेक्स लागला, त्यावर समितीचे सगळे चेहरे आणि कोपऱ्यात एक फूल, तेही इंटरनेटवरून उतरवलेलं, भलतंच, गुलाबी. मोठे बाबा तर चहाच्या टपरीवर अनोळखी माणसाला थांबवून सांगत, "साऱ्या जगात आमच्याच धुऱ्यावर हाय." मला हसू यायचं आणि खरं सांगतो, अभिमानही वाटायचा.

पुढच्या वर्षी समितीनं भादव्याच्या सुरुवातीला फुलाचा सोहळा ठरवला. जिल्ह्याचे मोठे साहेब येणार म्हटल्यावर मोठ्या बाबांची झोप उडाली. "पाव्हणे येतीन अन् धुऱ्यावर कचरा पायतीन? फूल कसं उठून दिसलं पायजे!" पोळ्याआधीच त्यांनी कुठून कुठून बाया आणल्या, स्वतः खुरपं घेऊन बसले आणि काडी न काडी काढली. धुरा सारवलेल्या अंगणासारखा झाला.

साहेब आले आणि खूश झाले. स्वच्छता वाखाणण्यासारखी आहे, म्हणाले. शाल झाली, श्रीफळ झालं, भाषण तर झालंच. सोहळ्याला आलेली ती अकोल्याची मुलगी तेवढ्यात धुरा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरून आली.

"बाबा, रोपं कुठं आहेत?"

"फूल याले टाइम हाय अजून."

"इथल्या गवताचं काय केलंत?"

"गाईले टाकलं."

ती खाली बसून माती चाचपू लागली. साहेबांना वाटलं फोटोसाठी बसली, म्हणून तेही शेजारी बसले. फोटो छान आला.

यंदा मोठ्या बाबांनी धुऱ्याला कोणाला हात लावू दिला नाही. कंबरेएवढं गाजरगवत माजलंय. येणारे-जाणारे म्हणतात, म्हातारा आता थकला. असलं बोलणं त्यांनी जन्मात कधी ऐकून घेतलं नव्हतं, आता निमूट ऐकतात. मला ते पाहवत नाही. परवा गेलो तर धुऱ्यावर उकिडवे बसून एकेक पान उलटून पाहत होते.

"फूल नसलं तं ते कसं दिसते रे? तुले मालूम हाय काय?"

मला माहीत नव्हतं. मी त्या मुलीला फोन लावला. तिनंही ते फुलोऱ्यावर असतानाच पाहिलं होतं.